व्हिडिओ पाठ झाला, आंघोळ नाही

प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगा १४ वर्षांचा, ऑटिझम आहे. बोलतो, पण बहुतेक ऐकलेलीच वाक्यं. आंघोळ अजून आईच घालते. कुणीतरी सुचवलं म्हणून घरच्यांनी सहा मिनिटांचा व्हिडिओ केला: वडील मोरीत आंघोळ करताहेत आणि आई मागून सांगते आहे. मुलगा तो रोज रात्री अंथरुणात पाहतो. ‘आता साबण लाव बरं राजा’ हे आईच्याच सुरात म्हणतो. सकाळी मोरीत मात्र नुसता उभा राहतो. महिना झाला. व्हिडिओने शिकवणं याला लागू पडत नाही, असं समजायचं का?

नाही ताई, तसं समजू नका. सहा मिनिटं तो पडद्याकडे बघतो आणि बघितलेलं महिनाभर लक्षात ठेवतो. एवढं भांडवल असलेला मुलगा या पद्धतीला चांगलाच योग्य आहे. त्या व्हिडिओत सगळ्यात ठळक होता तुमचा आवाज, तो त्याने उचलला. व्हिडिओ संपल्यावर त्याच्यापुढे होती उशी, बादली नव्हती, त्यामुळे हाताने करायला काही उरलंच नाही. चूक व्हिडिओ दाखवण्याच्या जागेत आणि वेळेत आहे, थोडीशी व्हिडिओतही.

पद्धत तशी जुनी आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५ ऑटिस्टिक मुलांना काही गोष्टी माणसाने समोर करून दाखवल्या आणि काही व्हिडिओवर. व्हिडिओवरच्या गोष्टी लवकर जमल्या आणि दुसऱ्या ठिकाणीही करता आल्या. २००७ मध्ये असे २३ अभ्यास एकत्र तपासले गेले, निष्कर्ष त्याच बाजूचा निघाला. अर्थात अशा अभ्यासांत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतात, म्हणून छातीठोक हमी कुणी देऊ नये. व्हिडिओ उपयोगी का पडतो हे मात्र समजण्यासारखं आहे. माणूस दर वेळी थोडं वेगळं करतो, वेगळं बोलतो, मध्येच चिडतो. व्हिडिओ शंभराव्या वेळीही तसाच असतो, आणि त्यात नको ते चौकटीबाहेर ठेवता येतं.

जुना व्हिडिओ बाजूला ठेवा. नवा करण्याआधी तीन दिवस मोरीच्या दाराशी उभं राहून नुसतं बघा, काही सांगू नका. मगात पाणी भरतो का? पाणी अंगावर ओततो का? साबण हातात धरतो की त्याचा स्पर्शच नको असतो? थांबण्याचं कारण ‘पुढे काय ते माहीत नाही’ हे असेल तर व्हिडिओ कामाचा आहे. कारण साबणाची बुळबुळ, डोळ्यात जाणारा फेस किंवा पाण्याचा चटका असेल, तर कितीही सुंदर व्हिडिओ केला तरी तो साबण उचलणार नाही. आधी साबण बदला, वडीऐवजी लिक्विड आणि हातमोज्यासारखं फडकं देऊन बघा. आपल्याकडे पाण्याचं प्रकरण वेगळंच असतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी अंगावर काटा आणतं. एकदा भाजलेला मुलगा महिनोन् महिने मोरीला घाबरतो. म्हणून सुरुवातीला पाणी मोठ्यांनीच कोमट करून ठेवायचं. बंब आणि गीझर हे या धड्यात आणूच नका.

आणखी एक छोटी तपासणी. वाटीवर चमचा दोनदा वाजवल्याची पाच सेकंदांची क्लिप काढा. त्याच्यापुढे तीच वाटी-चमचा ठेवा, क्लिप दाखवा, म्हणा ‘कर’. तीनपैकी दोनदा केलं तर पुढे चला. नाहीच केलं तर आधी आठवडाभर अशाच लहान नकला करून घ्या: डबा बंद करणं, रुमाल घडी करणं. पडद्यावर जे दिसलं ते आपण करायचं असतं, हा नियमच काही मुलांना माहीत नसतो. त्यांच्यासाठी पडदा म्हणजे बघत बसायची वस्तू.

आता मोरीची मांडणी, कारण अर्धं काम तिथेच होतं. बादली-मगाच्या आंघोळीत नेहमीचा घोटाळा असा, की मुलगा पाणी ओतत राहतो, साबणाआधीच बादली रिकामी होते, मग कुणीतरी ओरडतं आणि सगळं बिनसतं. त्याला किती मग ओतायचे हे कळत नाही, कारण ‘पुरे’ ही गोष्ट डोळ्याला दिसत नाही. ती दिसेल अशी करा. दोन बादल्या घ्या, वेगळ्या रंगाच्या. लहानीत तीन-चार मग पाणी, ती भिजायची. मोठीत आठ-दहा मग, ती साबण धुवायची. लहान रिकामी झाली की साबण, मोठी रिकामी झाली की आंघोळ संपली. जिथे नळाला चार-सहा दिवसांआड पाणी येतं तिथे ही मोजणी तशीही परवडणारी आहे. बसायला पाट किंवा प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा. बसायची जागा ठरली की भटकणं कमी होतं आणि घसरण्याची भीतीही. मोरीतल्या बाकीच्या बाटल्या, घासण्या, वजरी, धुण्याचा साबण बाहेर काढा. त्यातलं एखादं त्याने उचललं तर दोष त्याचा नाही.

आंघोळीचे तुकडे पाडताना कागदावर विचार करू नका. कुणीतरी खरंच आंघोळ करावी आणि बाहेरून दुसऱ्याने एकेक कृती लिहावी. साधारण असं निघेल:

१. पाटावर बस. २. लहान बादलीत हात बुडवून पाणी बघ. ३. एक मग उजव्या खांद्यावर, एक डाव्या, उरलेलं पायांवर. ४. लहान बादली पालथी. ५. साबण उचल. ६. डावा हात, बोटांपासून खांद्यापर्यंत, दहा मोजून. ७. उजवा हात तसाच. ८. काखा. ९. छाती, पोट. १०. मान आणि पोचेल तेवढी पाठ. ११. पाय, बोटांच्या मधूनही. १२. साबण डबीत. १३. मोठी बादली: मगाने पाणी ओतत जायचं, रिकामी होईपर्यंत, नंतर पालथी. १४. टॉवेल.

डोक्यावरून आंघोळ यात घेतलेली नाही, ती मुद्दाम वेगळी ठेवा. शॅम्पू आणि डोळे मिटणं हा स्वतंत्र धडा आहे. दोन्ही एकत्र केले तर एकात बिघडलं की दुसऱ्यावरही मुलगा पाणी सोडतो. लघवीची जागा धुणं १४ वर्षांच्या मुलाला शिकवायलाच हवं, पण ते चित्रित करायचं नाही. वडिलांनी किंवा मोठ्या भावाने ते तोंडी आणि साध्या रेषाचित्रावरून सांगावं.

क्लिपमध्ये वडिलांऐवजी त्याच्याच वयाचा चुलतभाऊ किंवा मामेभाऊ असेल तर उत्तम. वय जवळचं असलं की शरीर, उंची, हाताची पोच जुळते. हाफपँट घालून बसवा. मोरी तीच, बादल्या त्याच, साबणाचा रंगसुद्धा तोच. हे वाचून हसू येईल, पण निळ्या मगाने शिकलेला मुलगा लाल मगापुढे अडून बसतो, हे या क्षेत्रात कुणालाही नवीन नाही. त्याचं लक्ष नेमकं कुठल्या तपशिलावर खिळेल ते आपल्याला सांगता येत नाही. म्हणूनच क्लिपमध्ये अनावश्यक काही नको. भाऊ खोकला तर हाही खोकणार. भावाने केस मागे सारले तर हाही सारणार, आणि कदाचित तेवढंच करणार.

फोन आडवा धरा, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. उभ्या माणसाने वरून काढलेल्या व्हिडिओत डोकंच दिसतं, हात दिसत नाहीत. मगात पाणी भरणं, साबण डबीत ठेवणं, बादली पालथी करणं या कृती भावाच्या खांद्यामागून घ्या. पडद्यावर फक्त दोन हात दिसावेत, जणू बघणाऱ्याचेच. पाणी अंगावर ओतणं आणि पाठ चोळणं बाजूने घ्यावं लागतं. प्रत्येक क्लिप ५ ते १५ सेकंदांची. १४ क्लिपा मिळून दोन-अडीच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. चोळणं सगळं दाखवायची गरज नाही, पाच-सहा हात दाखवले तरी चालतात, पण बोटांपासून सुरू होऊन खांद्याला पोचणं दिसलं पाहिजे. चूक करून ‘असं नाही करायचं’ हे कधीही चित्रित करू नका. तो ते ‘नाही’ गाळून उरलेलं शिकतो. मोरीत अंधार असतो, तेव्हा दार उघडं ठेवून दुपारी बारा-एकला शूटिंग उरका. गरम पाण्याची वाफ लेन्सवर बसते, त्या दिवशी पाणी गारच घ्या.

आणि आवाज. तुमच्या मुलासाठी पहिले दोन आठवडे व्हिडिओ पूर्ण मुका ठेवा. जो मुलगा ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतो, त्याला आवाज दिला की तो आवाजच गोळा करतो. चित्र बघून हात चालायला लागले की मग दोन-तीन शब्द घाला, तेही घरात बोलता तेच. घरात अहिराणी असेल आणि रोज ‘आंग धुई ले’ म्हणत असाल, तर क्लिपमध्ये ‘आता आपण स्नान करूया’ कशासाठी? मागे गाणं तर अजिबात नको. गाणं लागलं की मुलगा गाण्याचा होतो.

फोन हा दुसरा कळीचा मुद्दा. करमणुकीचा आणि कामाचा फोन एकच असेल तर तो क्लिप सरकवून यूट्यूबकडे जाणार, त्यात नवल काय? घरात पडलेला जुना फोन काढा. सिम नको, इंटरनेट बंद, बाकीची ॲप उडवलेली, कव्हर वेगळ्या रंगाचं. हा फोन मोरीच्या बाहेर खुंटीवर, आणि आंघोळीपुरताच. जुना फोन नसेल तर अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिन’ करण्याची सोय असते, आयफोनमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’. ती चालू केली की त्या एका ॲपबाहेर सहजासहजी जाता येत नाही. पाण्यासाठी फोन झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा, पिशवीवरूनही बोट चालतं. वीज जाते तेव्हा पंचाईत नको म्हणून प्रत्येक क्लिपमधला एक फोटो छापून, लॅमिनेट करून, भिंतीवर ओळीने लावून ठेवा. हे फोटो नंतर आणखी एका कामाला येणार आहेत.

आता प्रत्यक्ष शिकवणं. एवढ्या लांब कामासाठी अख्खा व्हिडिओ आधी दाखवून ‘जा कर’ म्हणणं बहुधा फसतं. एक क्लिप, एक कृती, पुन्हा पुढची क्लिप असं चला. सगळं एकदम अंगावर घेऊ नका, शेवटाकडून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात १ ते ११ तुम्ही किंवा वडील रोजच्यासारखं उरका, आणि १२, १३, १४ या तीन कृती व्हिडिओवर. आंघोळ त्याच्या हाताने संपते, बादली तो पालथी करतो, टॉवेल तो घेतो. शेवट त्याचा झाला की पुढच्या दिवशी मोरीत यायला तो तयार असतो. शाळेच्या गडबडीत हे तीन मिनिटांत बसतंही. मग मागे सरकत ५ ते ११, आणि शेवटी १ ते ४.

क्लिप दाखवा, फोन खाली करा, आणि पाच सेकंद गप्प राहा. हे पाच सेकंद आईबापांना सगळ्यात जड जातात. तोंड उघडू नका, मनात मोजा. हालचाल नाही झाली तर क्लिप पुन्हा एकदा. तरीही नाही, तर वस्तूकडे बोट. तरीही नाही, तर मागून त्याचे हात धरून ती कृती करून घ्या. समोरून धरलं तर तो तुमचं तोंड बघत बसतो आणि पुढच्या वेळी तुमच्या तोंडाची वाट पाहतो. चुकीची कृती सुरू झाली तर ‘नाही, नाही’ न म्हणता हात थांबवा, क्लिप दाखवा, पुन्हा करवा. तीन कृती झाल्या की लगेच, टॉवेल अंगावर असतानाच, त्याच्या आवडीचं काही: झोक्यावर दहा झोके, वाटीभर मुरमुरे, जे खरंच आवडतं ते. संध्याकाळी दिलेल्या बक्षिसाचा सकाळच्या बादलीशी संबंध त्याच्या डोक्यात जुळत नाही. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी नवी कृती सुरू करू नका. मोटारीचा आवाज, ड्रम भरायची धांदल, सगळ्यांचा आरडाओरडा, त्यात शिकणं होत नाही. जुनं तेवढं करून घ्या.

वही ठेवाच. उभ्या रकान्यात कृती, आडव्या ओळीत तारखा. स्वतः केलं तर ‘स्व’, क्लिप बघून केलं तर ‘क्लि’, हात धरावा लागला तर ‘हा’. आठवणीवर विसंबलं तर चांगला दिवस लक्षात राहतो किंवा वाईट, मधले दिसत नाहीत. एकाच कृतीसमोर सलग सहा दिवस ‘हा’ आलं तर मुलगा हट्टी आहे असं लिहू नका, क्लिप मोठी झाली आहे. ‘साबण डबीत’ यात साबण घट्ट धरणं, डबी शोधणं, सोडणं अशी तीन कामं आहेत. तिन्हीच्या वेगळ्या क्लिपा करा. आणि एखादी कृती दोन-तीन दिवसांत ‘स्व’ झाली तर तिची क्लिप तिथेच काढून टाका. येणाऱ्या गोष्टीची क्लिप दाखवत राहिलं की मुलगा क्लिपशिवाय हलेनासा होतो.

हे काढून घेणं लोक विसरतात, आणि वर्षभराने म्हणतात, ‘फोन नसला तर आंघोळ नाही.’ एका भागातल्या सगळ्या कृती सलग तीन दिवस हात न लावता झाल्या की कमी करायला लागा. आधी सुटी क्लिप बंद करून त्या भागाचा जोडलेला व्हिडिओ एकदाच, सुरुवातीला दाखवा. मग त्याचा शेवटचा अर्धा भाग कापा. मग फक्त पहिले पाच सेकंद. मग फोन नाही, भिंतीवरचे फोटो. फोटो कायम राहिले तरी काही बिघडत नाही. मोठी माणसंसुद्धा किराण्याची यादी खिशात घेऊनच जातात.

मोरी बदलली की पुन्हा गाडी अडेल, याची तयारी आधीच ठेवा. मे महिन्यात मामाच्या गावाला जाणार असाल तर मामांना सांगून तिथल्या मोरीत त्याच १४ क्लिपा काढून मागवा आणि निघण्याआधी चार दिवस घरी त्या दाखवा. तुमच्या दोन रंगांच्या बादल्या सोबत न्या, वाहून न्यायला लाज कसली? एका मोरीत पक्कं झालं की दुसरी, तिसरी. तीन ठिकाणी जमलं तर चौथ्या ठिकाणी बहुधा व्हिडिओ लागत नाही.

व्हिडिओ कुणाकडे राहणार हेही आधीच ठरवा. तुमच्या मुलाचं कपड्याविना चित्रण करायचं नाही, एका सेकंदाचंही नाही. फोन दुरुस्तीला जातो, हरवतो, गॅलरी आपोआप इंटरनेटवर चढते. हाफपँटमधल्या भावाच्या क्लिपा काढतानाही त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा स्टेटसला कौतुकाने टाकू नका. काम झालं की पुसा.

स्वतःलाच पडद्यावर बघायला त्याला आवडत असेल, तर आंघोळ मार्गी लागल्यावर त्याचा उपयोग स्वयंपाकघरात करा. गॅस नको, सुरी नको, म्हणून शिकरणाने सुरुवात बरी. केळी आपल्या भागात घराघरात असतात. दोन पिकलेली केळी, वाटीभर गार दूध, दोन चमचे साखर. प्रत्येक कृती त्याच्याकडून मदतीने करून घ्या आणि चित्रित करा: देठाकडून सोलणं, चमच्याच्या कडेने काप पाडणं, दूध ओतणं, साखर, ढवळणं. मग फोनवरच क्लिपा कापून तुमचा हात, तुमचा आवाज, अडलेले क्षण सगळे काढून टाका. उरतो एका मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात तो कुणाच्याही मदतीशिवाय शिकरण करतो आहे. हा व्हिडिओ रोज एकदा, नेमकं शिकरण करण्याआधी, ओट्यापाशी दाखवायचा. घोटाळा इथेही बादलीसारखाच होईल, चमचा साखरेच्या डब्यात जातच राहील. म्हणून डबा पुढे ठेवूच नका. दोन चमचे साखर छोट्या वाटीत आधीच काढून ठेवा, आणि दूधही एका वेळेपुरतंच.